जिरे ते बोटुकली: मत्स्यबीज वाढवताना या चुका टाळा

रोहू, कटला, मृगळ या माशांचं जिरं म्हणजे नुकतं जन्मलेलं पिल्लू (बोटाएवढं झालं की बोटुकली). ते अंड्यातून निघतं ते पोटाला बलकाची पिशवी घेऊनच. पहिले साधारण तीन दिवस तीच त्याची शिदोरी. तेव्हा पेंडीचा भुगा टाकला तर खाणार कोण? तो कुजतो आणि अमोनिया वाढतो. काचेच्या ग्लासात थोडी जिरी घेऊन उजेडाला धरा. पिशवी जवळजवळ जिरली असेल आणि पिल्लं आडवी पोहत असतील, तरच तोंड उघडलंय असं समजा.

याहून महागात पडणारी चूक म्हणजे तोंड उघडलं तेव्हा तळ्यात खाणंच नसणं. सहा-सात मिलिमीटरच्या जिऱ्याच्या तोंडात पाण्यातला सूक्ष्म जीव रोटिफर मावतो, फार तर मोइना या पाणपिसवेचं पिल्लू. पेंड आणि कोंड्याची पूड हा जोड आहार झाला. म्हणून साधारण १५ दिवस आधी शेण घालून पाणी तयार करायचं. प्लवंगाच्या (पाण्यात तरंगणाऱ्या अशा सूक्ष्म जीवांच्या) जाळीतून ५० लिटर पाणी गाळल्यावर नळीत १ ते २ मिली प्लवंग बसलं, तर जिरं सोडायला हरकत नाही. मात्र शेणाच्या पाण्यात पाठीवर उलटे पोहणारे किडेही येतात, आणि ते जिऱ्याचा फडशा पाडतात. जिरं सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा पडलेला असताना, साबण-तेलाचं मिश्रण पाण्यावर पसरवा. हवा घ्यायला वर आले की ते मरतात.

पहाटे पिल्लं पाण्यावर तोंडं काढताना दिसली की 'भुकेली आहेत' म्हणून खाद्य टाकणारे पुष्कळ. ती भूक नसते. पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. खाद्य थांबवा, ताजं पाणी सोडा.

१५-२० दिवसांत बीज इंचभर झालं की विरळ करा. दाटीत ते खुरटतं. पण खुरटलेलं म्हणून फेकू नका, मोकळ्या तळ्यात भरपूर खाद्य मिळालं की ते झपाट्याने भरतं.

मासा लहान दिसतो म्हणजे कोवळा, हाही भ्रम. दाटीतली तिलापिया दोन-तीन महिन्यांत, बोटाएवढी असतानाच, वयात येते आणि तळं पिल्लांनी भरून टाकते. रोहूचं उलट. दुसऱ्या वर्षी मादी अंड्यांनी फुगते, पण साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. तिला पुराचं वाहतं पाणी लागतं. हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५७ साली माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून हा अडसर दूर केला. तेव्हा तळ्यातली मादी आपणहून अंडी घालेल म्हणून वाट पाहू नका, हंगाम गेला की ती अंडी पोटातच जिरतात.