घरगुती खाद्यव्यवसायाचं लायसन्स काढताय? मग या चुका टाळा

घरून डबे, मसाले, केक, दिवाळीचा फराळ विकणारे बरेच जण विचारतात, "नक्की कुठलं लायसन्स लागतं?" आणि "एफएसएसएआय काढा, झालं काम" असं एका वाक्यात उत्तर देणारेही तितकेच भेटतात. तिथूनच गोंधळ सुरू होतो. एफएसएसएआय म्हणजे खाद्यव्यवसायाची नोंदणी आणि लायसन्स बघणारी केंद्राची अन्नसुरक्षा संस्था. फूड लायसन्स काही तुमच्या ब्रँडला मिळत नाही, ते एका जागेला आणि त्या जागेत होणाऱ्या कामाला मिळतं. म्हणून फॉर्म उघडायच्या आधी कागदावर लिहून काढा: काय बनवताय, कुठे बनवताय, पॅक करून विकताय की ताजं देताय, आणि माल गिऱ्हाइकाकडे कसा पोचतो.

पहिली चूक म्हणजे नोंदणी आणि लायसन्स एकच समजणं. छोट्या व्यवसायाला नोंदणी असते, तिचा फॉर्म ए, आणि मोठ्याला लायसन्स, त्याचा फॉर्म बी. 2011 च्या नियमावलीत नोंदणीसाठी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल आणि वर्षाची 100 रुपये फी असं ठरलं होतं, पण असे आकडे बदलत असतात, त्यामुळे जुना व्हिडिओ बघून ठरवू नका, अर्ज करायच्या दिवशी एफएसएसएआयच्या पोर्टलवर काय लिहिलंय ते बघा. दोन्हीकडे नंबर 14 आकडी असतो, नोंदणीचा 2 ने सुरू होतो आणि लायसन्सचा 1 ने. उलाढाल म्हणजे नफा नाही हं, एकूण विक्री. महिन्याला हातात किती उरतात ते धरून फॉर्म भरला की पुढे अडकायला होतं.

सगळ्यात जास्त अर्ज चुकतात ते 'काइंड ऑफ बिझनेस'मध्ये, म्हणजे व्यवसायाचा प्रकार निवडताना. समजा तुम्ही घरी मिरच्या भाजून, कुटून कांदा-लसूण मसाला करता आणि पाव किलोची पाकिटं विकता. विकतो म्हणजे आपण दुकानदार असं वाटून बरेच जण रिटेलर निवडतात, पण तुम्ही मसाला तयार करताय, म्हणजे तुम्ही उत्पादक. दुसऱ्याकडून पोत्यात तयार मसाला आणून छोट्या पाकिटात भरत असाल तर रिपॅकर. आणि ऑर्डरचं जेवण करून कार्यक्रमात पोचवत असाल तर केटरर. तिन्ही कामं एकाच किचनमध्ये होत असतील तर तिन्ही दाखवावी लागतात. आणि हेल्थ सप्लिमेंट, प्रोटीन पावडर असलं काही बनवणार असाल तर तुमची उलाढाल कितीही छोटी असो, केंद्राचं लायसन्स लागतं, इथे नोंदणीवर भागत नाही.

पत्त्यावरून पण खूप अर्ज परत येतात. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर, अर्ज सुनेच्या नावावर, आणि संमतीपत्र जोडलेलंच नाही. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार लागतो. दोन ठिकाणी किचन असेल तर दोन वेगळे अर्ज करायचे, एकाच नंबरवर दोन्हीकडे काम चालवायचं नाही.

उद्यम नोंदणी झाली म्हणजे खाद्यपदार्थ विकायला परवानगी मिळाली, हा गैरसमज तर मला फार धोकादायक वाटतो. उद्यम म्हणजे तुम्ही छोटा उद्योग आहात याची नोंद, कर्ज आणि योजनांसाठी उपयोगी आहे, जरूर करा, पण त्याचा अन्नसुरक्षेशी काही संबंध नाही. शिवाय ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्याचे पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या की लगेच बंद करा. एफएसएसएआयचंही तसंच, अर्ज फॉसकॉस पोर्टलवर करायचा आणि साइटच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघायचं. जीएसटी हा पुन्हा वेगळाच विषय, त्याच्या मर्यादा वेगळ्या, त्यामुळे "माझ्याकडे जीएसटी नंबर आहे" हे फूड लायसन्सच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

आता पाकिटाकडे वळू, कारण नंबर मिळाला की लोकांना वाटतं संपलं. पॅक करून विकणार असाल तर पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त ते आधी), व्हेज-नॉनव्हेजची खूण, अ‍ॅलर्जी होऊ शकेल असे घटक, बॅच नंबर, बनवल्याची आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, तुमचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा लोगो आणि 14 आकडी नंबर लागतो. त्याशिवाय निव्वळ वजन आणि एमआरपी, हे वैधमापन खात्याकडे (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) येतं आणि त्यांच्याकडे पॅकर म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. वजनकाट्याची पडताळणी पण त्याच खात्याची. हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही आणि मग दुकानदार माल परत पाठवतो तेव्हा कळतं.

हॉटेल, टपरी, पोळीभाजी केंद्र टाकताय तर महापालिका किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागात आधी जाऊन या, जागेचं डिपॉझिट भरायच्या आधी. तिथले नियम गावागणिक वेगळे असतात, फायरची एनओसी लागेल का तेही तिथेच समजतं. कामाला माणसं ठेवली तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते, माणसं कमी असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. आणि घरगुती लाल सिलिंडरवर धंदा करू नका, धंद्यासाठी 19 किलोचा कमर्शियल घ्या, हा नियम तर आहेच पण जिवाचाही प्रश्न आहे.

अर्ज परत आला, म्हणजे 'रिव्हर्टेड' दिसला, तर घाबरून नवीन अर्ज टाकू नका, परत फी जाईल. लॉगिन करून अधिकाऱ्याने नेमकं काय मागितलंय ते वाचा, तेवढंच जोडा आणि मुदतीत परत पाठवा. त्यासाठी अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका, एजंटचा नको, नाहीतर मेसेज त्याला जातात, तुम्हाला काही कळतच नाही आणि नंतर बदल करायचा झाला तर लॉगिनही त्याच्याच हातात असतं.