बोर्ड काढायला बसण्याआधी

स्वतःचा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग बसवायचा छापील सर्किट बोर्ड, काढायचा असं एकदा मनात आलं की हात सगळ्यात आधी सॉफ्टवेअर डाउनलोड करायला जातो. तो जरा आवरा. पहिला बोर्ड वाया जातो तेव्हा त्यात ट्रेस, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, वाकडे गेल्याचा दोष क्वचितच असतो. पाय भोकात जात नाहीत, ट्रान्झिस्टरची पिनं उलटी निघतात, यूएसबीचं सॉकेट डब्याच्या भिंतीला टेकतं, असल्या गोष्टींवर घोडं अडतं. त्यांचा निकाल स्क्रीनवर लागत नाही, टेबलावर लागतो. त्यामुळे या यादीत सगळ्यात वरची नोंद अशी: बोर्डावर जे जे बसायचं आहे ते आधी विकत घेऊन समोर ठेवा, आणि मगच माऊस धरा.

त्याच्याही आधी सर्किट ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर, चाललेलं असावं. नुसतं एकदा एलईडी लुकलुकला इतकं पुरत नाही; ज्या अॅडॅप्टरवर किंवा बॅटरीवर ते कायम चालणार आहे त्याच्यावर, सगळे सेन्सर जोडून, काही तास चालू ठेवा आणि एकूण करंट किती जातो तो मल्टीमीटरवर बघून वहीत लिहा. हा आकडा पुढे दोन ठिकाणी लागणार आहे. याला अपवाद स्विचिंग रेग्युलेटरचा, म्हणजे वेगाने चालू-बंद होत व्होल्टेज बदलणाऱ्या भागाचा. त्यातला व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर ब्रेडबोर्डच्या लांब तारांवर धड वागत नाही, आणि तो तिथे गोंधळ घालतो म्हणून सर्किट चुकलंय असंही नाही. त्याच्यासाठी डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, छापलेली मांडणी, कॅपॅसिटर आणि इंडक्टरच्या जागांसकट, तशीच उचलायची. तिथे स्वतःची कलाकुसर नको.

आता भागांची यादी. ‘१०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर’ एवढं लिहून भागत नाही. कुठल्या पॅकेजचा, किती व्होल्टचा, कुठल्या कंपनीचा कुठला क्रमांक, हे प्रत्येक ओळीत हवं, कारण सॉफ्टवेअरमध्ये निवडायचं फूटप्रिंट, म्हणजे त्या भागासाठी बोर्डावर लागणाऱ्या तांब्याच्या पॅडचा आणि भोकांचा नकाशा, त्यावरून ठरतं. एसएमडी, म्हणजे भोकाशिवाय बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणाऱ्या, भागांत एक जुना सापळा आहे. ०६०३ हे नाव इंचाच्या पद्धतीतलं असेल तर भाग १.६ बाय ०.८ मिमीचा असतो. मेट्रिक पद्धतीतला ०६०३ मात्र ०.६ बाय ०.३ मिमीचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत फूटप्रिंटच्या नावात दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसले तर ते याचसाठी आहेत, घाईत भलताच वाचू नका. हाताने सोल्डर करणार असाल तर पहिल्या बोर्डाला इंचाच्या पद्धतीतला ०८०५ घ्या. दोन मिमी लांबीचा तुकडा चिमट्यात नीट राहतो आणि त्याच्या दोन पॅडमधून एखादा ट्रेसही नेता येतो.

पाय असलेल्या भागांसाठी व्हर्निअर कॅलिपर जवळ ठेवा. नेहमीच्या हेडरची, म्हणजे तारा जोडायच्या पिनांच्या रांगेची, पिन चौकोनी असते, बाजू ०.६४ मिमी. भोक किती घ्यायचं हे ठरवताना बाजू बघून चालत नाही, कर्ण बघावा लागतो, आणि तो निघतो ०.९ मिमी. म्हणून हेडरला १ मिमीचं भोक देतात. हेडर ०.८ च्या भोकात ठोकून बसवायला गेलात तर आतला तांब्याचा मुलामा खरवडून निघेल. डायोड, स्क्रू टर्मिनल, पॉवर जॅक यांचेही पाय असेच मोजा. लायब्ररीत तयार फूटप्रिंट मिळालं तरी मोजा, कारण ते ज्या भागासाठी काढलंय तो तुमच्या हातातला भाग असेलच असं नाही.

मोजमाप झालं की पिनांचा क्रम. बीसी५४७ या ट्रान्झिस्टरची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरलेत तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एन३९०४ तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. दोन्ही एनपीएन या एकाच प्रकारचे, दोन्हींचा आकार तोच, आणि दुकानात एकाऐवजी दुसरा हातात ठेवतात. कीकॅड या बोर्ड काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्झिस्टरच्या साध्या सिम्बॉलच्या नावाला शेवटी बीसीई, ईबीसी अशी अक्षरं जोडलेली असतात. ती म्हणजे एक, दोन, तीन नंबरच्या पिनांचा क्रम. डेटाशीट उघडी ठेवून तोच सिम्बॉल निवडायचा. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या धातूच्या पाठीचंही तसंच आहे: ७८०५ ची पाठ ग्राउंडला जोडलेली असते, एएमएस१११७ आणि एलएम३१७ यांची आउटपुटला. गार राहावं म्हणून पाठ मोठ्या तांब्यावर बसवायची असते, तेव्हा ते तांबं कुठल्या नेटचं (एकमेकांना जोडलेल्या पिनांच्या गटाचं) हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

मघाशी वहीत लिहिलेला करंटचा आकडा आता काढा. १२ व्होल्टवरून ७८०५ ने ५ व्होल्ट करताय आणि सर्किट ३०० मिलिअँपिअर ओढतंय, तर सात व्होल्टचा फरक गुणिले ०.३, म्हणजे २.१ वॅट निव्वळ उष्णता होऊन जाणार. बिना हीटसिंकच्या टीओ-२२० ला, म्हणजे ७८०५ च्या नेहमीच्या पॅकेजला, हे सोसत नाही. म्हणजे हीटसिंकला जागा ठेवा, नाहीतर स्विचिंग रेग्युलेटरकडे वळा. पण हे आज ठरवा, राउटिंग, म्हणजे ट्रेस ओढणं, झाल्यावर नव्हे.

दुसरा हिशोब ट्रेसच्या रुंदीचा. नेहमीच्या बोर्डावर तांब्याची जाडी ३५ मायक्रॉन असते, त्यालाच एक औंस तांबं म्हणतात. बाहेरच्या थरावर १० अंश सेल्सिअस तापमानवाढ चालत असेल तर १ अँपिअरला सुमारे ०.३ मिमी, २ अँपिअरला ०.८ आणि ३ अँपिअरला १.४ मिमी रुंदी लागते. हे आकडे फक्त तापण्यापुरते झाले. ०.२५ मिमी रुंद आणि १० सेंटिमीटर लांब ट्रेसचा रोध जवळपास ०.२ ओहम भरतो. त्यातून १ अँपिअर नेलात तर ०.२ व्होल्ट वाटेतच गेला, आणि ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या वायफाय मॉड्यूलला नेमकं तेवढ्यावरून रीसेट व्हायचं निमित्त मिळतं. पॉवरचे ट्रेस जागा असेल तितके रुंद घ्यावेत असं माझं सरळ मत आहे. तांबं तसंही बोर्डावर असतंच. कारखाना नको असलेलं रसायनात विरघळवून काढतो.

डब्याचं मोजमाप त्याच वहीत. बाहेरून आकार किती, आतून किती, झाकण बंद झाल्यावर उंची किती उरते. एम३ स्क्रूला ३.२ मिमीचं भोक, आणि स्क्रूचं डोकं सहा मिमीच्या आसपास असतं म्हणून तेवढ्या वर्तुळात ना ट्रेस ना भाग. कनेक्टर कुठल्या बाजूला येणार हे डबा ठरवतो, सर्किट नव्हे. बोर्डाची कड आणि कनेक्टर सगळ्यात आधी जागेवर बसवून कुलूपबंद करा. बाकीचे भाग उरलेल्या जागेत आपोआप शिस्तीत येतात. ईएसपी३२ सारखं मॉड्यूल असेल तर त्याच्या अँटेनाखाली आणि आजूबाजूला कुठल्याच थरावर तांबं नको. अँटेना बोर्डाच्या कडेबाहेर काढता आला तर उत्तमच.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. कीकॅड फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, १९९२ साली ज्याँ-पिएर शारा यांनी सुरू केलं आणि २०१३ पासून सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचा त्याला हातभार लागला, त्यामुळे ते टिकून आहे आणि सतत सुधारतंय. त्याच्या फायली साध्या मजकुराच्या असतात, आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये छान बसतात. ब्राउझरमध्येच काम उरकायचं असेल तर ईझीईडीए आहे. जुनी ट्यूटोरियल ईगल या सॉफ्टवेअरवर असतात. ते ऑटोडेस्कने २०१६ मध्ये विकत घेतलं आणि पुढे बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा आज नव्याने शिकायला ते धरू नये. आपोआप ट्रेस ओढणाऱ्या ऑटोराउटरच्या नादी लागू नका. छोट्या बोर्डावर हाताने राउट करायला एक संध्याकाळ लागते आणि तेवढ्यात सर्किट खरं कळतं.

एक काम मात्र इन्स्टॉल झाल्या झाल्या करायचं. बोर्ड जिथून बनवून घेणार त्या कारखान्याच्या मर्यादा बघा: ट्रेसची किमान रुंदी, दोन ट्रेसमधलं किमान अंतर, सगळ्यात लहान ड्रिल, भोकाभोवती उरणारी तांब्याची कडी. दोन थरांच्या साध्या बोर्डाला ०.१५ मिमीचा ट्रेस आणि ०.३ मिमीचं ड्रिल बहुतेक जण देतात. जमतं म्हणून तेवढं बारीक जायचं कारण नाही, सिग्नलला ०.२५ आणि अंतरही तेवढंच ठेवलं की निभावतं. हे आकडे डिझाइन रूल्समध्ये भरूनच पहिली रेघ ओढा, म्हणजे डीआरसी (हे नियम पाळलेत का ते तपासणारी सोय) खऱ्या चुका दाखवेल.

स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटची आकृती, काढताना जे विसरलं जातं ते असं. प्रत्येक आयसीच्या प्रत्येक पॉवर पिनला स्वतःचा १०० नॅनोफॅरड, आणि बोर्डावर तो पिनेला चिकटून. एटमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्ये एडीसी (अॅनालॉग व्होल्टेज मोजणारा भाग) वापरत नसलात तरी त्याची पॉवर पिन एव्हीसीसी जोडावीच लागते. त्याच्या डीआयपी (भोकात बसणाऱ्या) आणि टीक्यूएफपी (एसएमडी) पॅकेजांचे पिन क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा ब्रेडबोर्डवरचे क्रमांक आठवणीतून लिहू नका. यूएसबी-सी सॉकेट नुसतं पॉवरसाठी असलं तरी सीसी१ आणि सीसी२ या दोन्ही पिनांना ५.१ किलोओहमचा वेगवेगळा रेझिस्टर ग्राउंडला हवा, नाहीतर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जर एक व्होल्टसुद्धा देणार नाही. प्रोग्रॅमिंगचं हेडर, दोनचार टेस्ट पॉइंट, उरलेल्या पिनांना पॅड, हेही आत्ताच. ईआरसीच्या, म्हणजे जोडण्यांच्या तपासणीच्या, चुका शून्यावर आणा. कीकॅड पॉवर पिनेला कोणी पुरवठा करत नाही म्हणून ओरडलं तर आधी तो खरंच आहे का बघा आणि मगच पुरवठा आहे असं सांगणारं पॉवर फ्लॅगचं चिन्ह लावा. घरातल्या मेन्स विजेला थेट जोडायचा बोर्ड हा पहिला बोर्ड असू नये, यावर चर्चा नको.

खालचा थर ग्राउंडला देऊन टाका आणि त्याला शक्यतो चिरे पाडू नका. ग्राउंडच्या पॅडना थर्मल रिलीफ, म्हणजे भोवतीच्या तांब्याशी फक्त बारीक पट्ट्यांची जोडणी, राहू द्या. सलग तांब्यात बुडालेला पॅड साध्या सोल्डरिंग आयर्नने तापता तापत नाही.

मांडणी पुरी झाली की ती कागदावर छापा. शंभर टक्के मापावर, ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून. छापल्यावर पट्टीने बोर्डाची एक बाजू मोजा, प्रिंटर कधी कधी तरीही चोरतो. मग तो कागद थर्माकोलवर ठेवून हेडर, टर्मिनल, मॉड्यूल खरोखर टोचून बघा, एसएमडी आयसी पॅडवर ठेवून भिंगातून पाय जुळतात का बघा. एसओआयसी पॅकेजचा आयसी अरुंद असतो आणि रुंदही, ३.९ मिमी आणि ७.५ मिमी, आणि स्क्रीनवर दोन्ही सारखेच गोंडस दिसतात. कागद तसाच डब्यात ठेवून झाकणही लावून बघा.

कारखान्याला द्यायच्या गर्बर फायली काढल्या की त्या वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडा. वरखालचं तांबं, दोन सोल्डर मास्क (तांब्यावरचा रंगीत संरक्षक थर), दोन सिल्कस्क्रीन (छापील अक्षरं), बाहेरची कड आणि ड्रिलच्या फायली, सगळं आलंय का, भोकं पॅडच्या मधोमध पडतात का. अक्षरं एक मिमीपेक्षा लहान असतील तर छापताना चिकटतील. बोर्डावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख घाला. सहा महिन्यांनी दोन बोर्ड शेजारी पडले की कुठला कुठला ते कळायला हवं.

ऑर्डर गेल्यावर मधल्या दिवसांत टेबल लावून घ्या: फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं), सोल्डर विक (जास्तीचं सोल्डर शोषणारी जाळी), करंटची मर्यादा घालता येणारा पॉवर सप्लाय, भागांची छापील यादी. बोर्ड आला की काहीही सोल्डर करण्याआधी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी आहे का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून पॉवर आणि ग्राउंड एकमेकांना लागलेले नाहीत ना हे बघा. मग फक्त पॉवरचा भाग जोडा, सप्लायवर ५० मिलिअँपिअरची मर्यादा घाला, आउटपुटला ५ किंवा ३.३ व्होल्ट जे हवं ते नेमकं येतंय का मोजा. ते आलं की मायक्रोकंट्रोलर बसवा.