पाहुणा गेला, टॉवेलही गेला : होमस्टे चालवताना या चुका टाळा

वेरूळच्या रस्त्यावर आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. आजवर त्या खोल्यांतून टॉवेल गेले, उशीचे अभ्रे गेले, टीव्हीचा रिमोट गेला, एकदा तर चहाचं गाळणंही गेलं. पण वस्तूंनी दिला नाही एवढा मनस्ताप आमच्या चुकांनी दिला.

त्यातली सगळ्यात वाईट चूक म्हणजे घरात काम करणाऱ्या माणसावर संशय घेणं. एका मंगळवारी तांब्याची बाटली दिसेना. खोली आवरणाऱ्या मावशींना मी विचारलं, "मावशी, तुम्ही कुठं ठेवली का?" शब्द साधे होते, पण रोख त्यांना कळला. त्या दिवशी त्या जेवायला थांबल्या नाहीत. संध्याकाळी पाहुण्यांचाच फोन आला: वाटेत लागेल म्हणून पाणी भरून घेतलं होतं, बाटली गाडीतच राहिली. मी मावशींच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या कामाला आल्या, पण पुढे कित्येक दिवस खोलीतून निघताना हाक मारायच्या, "बघा ताई, सगळं आहे." ते ऐकताना जीव नकोसा व्हायचा.

वस्तू जातात कशा, हे समजून घ्या. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी. म्हणून कितीतरी कुटुंबं सोमवारी वेरूळ, घृष्णेश्वर करतात आणि मंगळवारी अंधारातच अजिंठ्याला निघतात. संभाजीनगरपासून ते शंभरेक किलोमीटर. अर्धवट झोपेतली पोरं, मोबाइलच्या उजेडात भरलेल्या बॅगा. ओल्या कपड्यांत आमचा टॉवेल जातो, चार्जरच्या गुंत्यात रिमोट. माझ्या मते यात चोरीपेक्षा घाईच जास्त असते.

म्हणून पाहुणे गेल्यावर दुपारी मोजत बसू नका. मी आदल्या रात्रीच जाते, सकाळी सोबत किती धपाटे बांधून देऊ ते विचारायला. तेव्हाच सांगते, "टॉवेल चार आहेत, बाटल्या दोन, भरताना तेवढं बघा." कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवली आहे. प्रत्येक पाहुणा येण्याआधी खोलीचे फोटोही काढून ठेवते.

तरी काही गेलंच, तर पहिल्या निरोपात 'चोरी' आणि 'तक्रार' हे शब्द नकोत. त्याच दिवशी एवढंच लिहा: "दादा, नीट पोहोचलात ना? निळा टॉवेल सापडत नाहीये. चुकून सामानात आला असेल तर बघता का? कुरियरचा खर्च आम्ही देऊ." ज्याच्याकडून चुकून गेलं त्याला लाज वाटत नाही, आणि ज्यानं मुद्दाम नेलं त्यालाही परत द्यायला वाट मिळते.

माझ्या आजीनं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली होती. पाहुण्यांना मराठवाड्याची ऊब कळावी म्हणून ती मी पलंगावर टाकली. गेली ती गेलीच. निरोप गेले, फोन केले, उत्तर नाही. तिची किंमत कुठल्या अर्जात लिहिणार? ज्या वस्तूवाचून तुमचा जीव कासावीस होईल ती भाड्याच्या खोलीत ठेवू नका, कितीही शोभली तरी. टॉवेल, अभ्रे, पेले मात्र बाजारात पुन्हा मिळतील असेच घ्या आणि वर्षाला थोडे जाणार हे भाड्यात धरा.

महाग वस्तू गेली तर मुदतीकडे लक्ष द्या. एअरबीएनबी या खोल्या भाड्यानं देण्याच्या ऑनलाइन सेवेवरून आलेल्या पाहुण्याकडून भरपाई हवी असेल तर तो गेल्यापासून १४ दिवसांच्या आत मागणी नोंदवावी लागते. उत्तर द्यायला पाहुण्याला २४ तास असतात, त्यानंतर कंपनीला मध्ये घेता येतं. फोटो आणि खरेदीची पावती जवळ हवी. "देतील उद्या" म्हणत थांबलात तर मुदत निघून जाते.

पोलिसांकडे जाण्याआधी हे माहीत असू द्या: जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तिच्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र धरली जाते; राहत्या घरातल्या चोरीचं कलम मात्र वेगळं आहे. म्हणजे कदाचित फक्त एनसी, अर्थात अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होईल, पण टॉवेलासाठी लगेच कुणाला धरून आणतील अशी अपेक्षा नको.

आणि रागाच्या भरात पाहुण्यांच्या बॅगा उघडू नका, मूळ आधार कार्ड अडवून ठेवू नका. खोलीत कॅमेरा तर मुळीच नको. एअरबीएनबीनंही ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेऱ्याला बंदी केली आहे. आपल्या छपराखाली कुणाची लेक-सून निजलेली असते.

खोलीची मोजणी आता मी आणि मावशी दोघी मिळून करतो. वहीत तारीख, वस्तू आणि खाली दोघींची सही.