सियांगवर मुक्कामी राफ्टिंग: तूतिंग ते पासीघाट

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करून आलेली मंडळी हल्ली सियांगबद्दल विचारू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद होतो. पण दोन नद्यांतला फरक आधी नीट समजून घ्या. कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं. ते कधी येणार हे माहीत असतं आणि काही तासांत आपण काठावर जेवायला बसलेले असतो. सियांग तिबेटातून येते. नामचा बारवाच्या ७,७८२ मीटर उंच पहाडाला वळसा घालून ती अरुणाचलात उतरते, आणि तूतिंग ते पासीघाट हा साधारण १८० किलोमीटरचा पट्टा बहुतेक जंगलातल्या दरीतून जातो. रॅपिड, म्हणजे खळाळत्या वेगवान पाण्याचे टप्पे, चार ते पाच दर्जाचे, म्हणजे बरेच अवघड आहेत. दगड चुकवण्यापेक्षा इथे लाटा, खालून उसळणारं पाणी आणि जागा बदलणारे भोवरे सांभाळायचे असतात.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात. पाणी उतरलेलं असतं, वाळूच्या पुळणी उघड्या पडतात, आकाश बहुधा स्वच्छ असतं. पावसाळ्यात कुणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हणा. इनर लाइन परमिट (अरुणाचलात शिरायचा परवाना) आधीच ऑनलाइन काढा. दिब्रुगडहून बोगीबील पुलावरून पासीघाट आणि पुढे यिंगकियोंगमार्गे तूतिंग, या प्रवासाला निदान दोन दिवस धरा. दरड कोसळली तर आणखी एक. हा राखीव दिवस वेळापत्रकात नसेल तर नदीवर घाई होते, आणि घाईचे सगळे निर्णय वाईट असतात.

मोहीम नेणाऱ्यांना आधी प्रश्न विचारा. निदान दोन राफ्ट आणि दोन सेफ्टी कायाक (पडलेल्यांना गाठणाऱ्या छोट्या बोटी) आहेत का? गाइड याच नदीवर, याच हंगामात उतरलेला आहे का? जलबचावाचं प्रशिक्षण कोणाकोणाचं झालं आहे? सॅटेलाइट फोनची लेखी परवानगी आहे का? भारतात परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे आणि हा तर सीमेलगतचा भाग, तेव्हा परदेशातून कुणी आणलेलं यंत्र गुपचूप बॅगेत टाकू नका. काही ठिकाणी वर रस्ता दिसतो, पण जखमी माणसाला घेऊन तो जंगलाचा चढ चढणं म्हणजे तासन्‌तासांचं काम आहे.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय. मी सामानाच्या राफ्टवर वल्ह्यांवर बसते, त्यामुळे बांधाबांध मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही. प्रत्येक वस्तू बांधताना एकच विचारा: राफ्ट उलटली तर हे लोंबेल का? जे लोंबतं ते माणसाच्या पायात अडकतं. लोखंडी फ्रेम राफ्टच्या कड्यांना बकलच्या पट्ट्यांनी आवळा, दोरीने नको, कारण ओली गाठ गारठलेल्या बोटांनी सुटत नाही. पट्टीचं उरलेलं टोक गुंडाळून त्याच पट्टीखाली खोचा. जड डबे मध्यभागी आणि खाली, पण राफ्टच्या तळाला टेकू देऊ नका. लाट आदळली की तळ वर उचलला जातो आणि डब्याच्या कोपऱ्यावर फाटतो. ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी) गुडघ्याने दाबून हवा काढा, मग तोंड निदान तीन वेळा घट्ट गुंडाळा. झोपायची बॅग आणि कोरडे कपडे मात्र दुहेरी पिशवीत. औषधं, दुरुस्तीचं सामान आणि बचावाचे दोर-पुली एकाच राफ्टवर ठेवू नका. ती एक राफ्ट गेली तर सगळंच गेलं. शेवटी दोन्ही हातांनी फ्रेम गदागदा हलवा. फ्रेम हलली आणि राफ्ट हलली नाही, तर सोडा आणि पुन्हा बांधा.

स्वतःचं लाइफ जॅकेटही असंच तपासा. कुणी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढलं तरी ते हनुवटीच्या वर सरकता कामा नये.

पहिल्या दिवशी, एकाही रॅपिडला हात लावण्याआधी, शांत डोहात माणसांची राफ्ट मुद्दाम उलटी करा. प्रत्येकाने राफ्टखाली अडकून बाहेर यायचं, उलट्या राफ्टवर चढायचं आणि फ्लिप लाइनची दोरी धरून मागे रेलून ती सुलटी करायची. पाणी हिमनद्यांचं आहे, पहिला श्वास छातीतच अडकतो. तो अनुभव मोइंग रॅपिडच्या लाटेत नव्हे, डोहात घ्यावा. वाहत जाताना पाठीवर राहा, पाय पुढे आणि पाण्याच्या वर. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय कातळाच्या फटीत अडकला तर प्रवाह अंगावरून जातो. श्वास दोन लाटांच्या मधल्या खळग्यात घ्या. भोवऱ्याने खाली खेचलं तर धडपड करू नका, दम धरा. भोवरा विरतो आणि जॅकेट वर आणतं. मग पालथे होऊन एडीकडे, म्हणजे काठालगतच्या उलट फिरणाऱ्या संथ पाण्याकडे, जोरात पोहा.

निंगिंग, पालसी, मोइंग ही मोठी रॅपिड आसपासच्या गावांच्या नावांनी ओळखली जातात. त्यांच्या बरंच आधी राफ्ट काठाला लावा आणि चालत जाऊन पाहणी करा. बहुतेक जण इथे फक्त बोटीची वाट बघतात: पाण्याची गुळगुळीत जीभ कुठे आहे, होल (पाणी उलटं फिरून अडकवणारा खळगा) कुठे आहे, डावीकडून जायचं की उजवीकडून. माझं ठाम मत असं की आधी पडलेल्या माणसाची वाट बघा. ओंडक्याचा तुकडा प्रवाहात टाका आणि नजर न हलवता तो कुठे जातो ते पाहा. तो खालच्या शांत पाण्यात निघाला तर अवघड लाटही खेळता येते. तो कड्याखाली घुसला, किंवा लगेच दुसऱ्या रॅपिडमध्ये शिरला, तर बोटीची वाट कितीही सोपी दिसो, राफ्ट दोराने काठाकाठाने उतरवा नाहीतर सामान उचलून चाला. त्यात कमीपणा काहीच नाही. पाहणी खालून वर करत या, कारण वरून लाटा नेहमी लहान दिसतात. एक ठळक खूण, समजा पांढऱ्या पट्ट्यांचा कातळ, पक्की करा, पण तो बोटीतून दिसणार आहे ना, हे पाण्याच्या पातळीला बसून बघा. थ्रो बॅगवाला (बचावाचा दोर फेकणारा) माणूस खाली उभा राहिल्यावरच पहिली राफ्ट सुटेल.

मुक्काम पुळणीवर, पण उंचावर. पाण्याच्या कडेला काठी रोवा, झोपताना आणि रात्री उठाल तेव्हा पाहा. राफ्ट पूर्ण वर ओढून झाडाला किंवा पक्क्या कातळाला बांधा. २००० सालच्या जूनमध्ये तिबेटात यिगोंग नदीवर दरडीने झालेला बांध फुटला आणि सियांगने खोऱ्यातले पूल वाहून नेले. वरचं पाणी इथे न सांगता येतं, हे खोऱ्यातल्या लोकांना कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

जंगल आणि किनारा गावांच्या आणि कुळांच्या मालकीचा आहे. गाव जवळ असेल तर तळ ठोकण्याआधी गावबुढाला, म्हणजे गावप्रमुखाला, भेटा. इथल्या आदी जमातीच्या लोकांचे बांबूचे मासेमारीचे सापळे आणि काठाला बांधलेल्या दोऱ्या यांना हात लावू नका. घरी अपोंग (तांदळाची घरगुती दारू) पुढे केली तर आदराने घ्या, पण दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरायचं असेल तर एका पेल्यावर थांबा. सरपणासाठी वाहून आलेली लाकडंच वापरा. संडासाचा डबा सोबत न्या आणि सगळं परत आणा.

जेवणात खिचडी, भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी उत्तम चालते. चावऱ्या माश्यांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, आणि ओले पाय रोज रात्री कोरडे करून पावडर लावा. पायाला चिखल्या झाल्या की चौथ्या दिवसापासून पाहणीला चालायचा कंटाळा येतो, आणि लोक पाहणी टाळू लागतात.

पासीघाटजवळ डोंगर मागे हटतात, नदी पसरते आणि वेग मंदावतो. शेवटच्या दिवशी भल्या पहाटे निघा, म्हणजे वारा सुटण्याआधी बरंच अंतर कापून होतं. काठाला लागल्यावर राफ्ट लगेच गुंडाळू नका. झडपा आणि पट्ट्यांच्या बकलांतली वाळू धुवा, राफ्ट पूर्ण वाळवा, आणि तळ हाताने चाचपून चिरा शोधा. सापडलेल्या चिरेवर तिथेच खडूने खूण करा.