सिल्व्हर सल्फाइड तापवताना: १७७ अंशांचा उंबरठा कसा पकडावा

चांदीचं पैंजण ज्या थरामुळे काळं पडतं, तेच सिल्व्हर सल्फाइड खनिज म्हणूनही सापडतं. थंड असताना ते अकँथाइट, रचना मोनोक्लिनिक, म्हणजे एका बाजूला कललेल्या चौकटीची. साधारण १७७ अंश सेल्सिअसच्या वर ते आर्जेंटाइट, रचना क्यूबिक, म्हणजे घनाकार चौकटीची. हा बदल एक्स-रे डिफ्रॅक्शनवर बघायचा असेल तर ही माझी पद्धत. या तंत्रात स्फटिकावर एक्स-रे सोडतात; ते ठराविक कोनांना जोरात परततात, तिथे आलेखात पीक, म्हणजे उंचवटा, दिसतं.

खनिजाचा तुकडा खलात कुटायला जाऊ नका. मी गेले होते. अकँथाइट शिशासारखं मऊ, सुरीने कापलं जातं. बत्त्याखाली त्याची भुकटी होत नाही, ते चपटं होऊन खलाला माखतं. त्यापेक्षा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडियम सल्फाइडचं द्रावण थेंब थेंब घाला. काळा साका बसतो. तो डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धुवा, वाळवा. हे सगळं फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, आणि सोडियम सल्फाइडच्या आसपास आम्लाची बाटली नको. हातमोजेही घाला, नाहीतर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग बोटांवर आठवडाभर मिरवावे लागतात.

पावडरीत चिमूटभर सिलिकॉन मिसळा. तापल्यावर सॅम्पल फुगतं, त्याची पातळी हलते. दहावा हिस्सा मिलिमीटर हलली तरी पीक साधारण ०.०५ अंश कोनाने सरकतं आणि जाळी, म्हणजे अणूंची मांडणी, प्रसरण पावली असं आपण समजून बसतो. सिलिकॉनचं २८.४ अंश कोनाचं पीक किती सरकलं ते बघून हिशेब दुरुस्त करता येतो. सॅम्पल प्लॅटिनमच्या पट्टीवर ठेवू नका, चांदी आणि गंधक दोन्ही तिला खातात. अल्युमिनाची वाटी घ्या, नायट्रोजन चालू ठेवा.

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा तारांचा जोड, वाटीखाली असतो, त्यामुळे पडद्यावरचा आकडा हा पावडरीच्या वरच्या थराचा नव्हे. आधी नुसता सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तापवून बघा; त्याची रचना १२९ अंशांच्या आसपास बदलते. यंत्र १३५ दाखवत असेल तर फरक कळला. पण सोरा सल्फाइडमध्ये मिसळून कधीही तापवायचा नाही. बंदुकीच्या दारूत सोरा आणि गंधक काय करतात ते आठवा.

आता मुख्य काम. कॉपर के-अल्फा किरणांवर, म्हणजे तांब्यापासून मिळणाऱ्या ठराविक एक्स-रेवर, २० ते ५० अंश कोनांचा एक स्कॅन थंड असतानाच घ्या. मग तापमान १५० पर्यंत सरळ चढवा. १६५ ते १९० मात्र दोन-दोन अंशांनी, प्रत्येक पायरीवर दहा मिनिटं थांबून. नवीन पीक शोधू नका, गेलेली मोजा. २९ ते ३८ अंश कोनांमधली पीकांची दाट झाडी एकाएकी विरळ होते: ३१.५ आणि ३४.४ ची पीक जातात, २५.९ आणि ३६.९ च्या जवळची उरतात. मधल्या मैदानात सिलिकॉन एकटा उभा. गंधकाची जाळी आता क्यूबिक झाली आहे आणि चांदीचे आयन तिच्यातून जवळजवळ द्रवासारखे वाहताहेत.

पहिल्या खेपेला मला ३८.१ ला टोकदार पीक दिसलं. “सर, नवी रचना!” सर चष्मा वर सरकवून म्हणाले, “अगं, ही तर चांदी.” नायट्रोजनची नळी सैल होती, गंधक उडून गेलं होतं. तेव्हापासून मी ३८.१ आधी बघते.

उतरतानाही तशाच पायऱ्या घ्या. मोनोक्लिनिक पीक चढतानाच्या आकड्यावर परत येत नाहीत, काही अंश खाली येतात. पण येतात नक्की. कितीही झटकन थंड केलं तरी आर्जेंटाइट टिकवता येत नाही. म्हणून संग्रहालयात ‘आर्जेंटाइट’ लिहिलेला घनाकार स्फटिक दिसला, तरी आत अकँथाइटच असतं. घन आकार उष्ण जन्माचा, थंड होताना आतली रचना जुळ्या पट्ट्यांमध्ये मोडलेली.

उतरल्यावर ३८.१ स्वच्छ असेल तर तीच पावडर दुसऱ्या फेरीला वापरा. नसेल तर चांदीच्या टाकाऊ डब्यात.