ब्रेकची डिस्क लेथला मारायची की बदलायची, आणि पॅडचं काय?

बेळगावच्या उद्यमबागेत माझं टर्निंगचं काम आहे, म्हणजे लेथवर फिरवून वरचा थर कापायचा. गोव्याला जाऊन-येऊन करणाऱ्या गाड्यांच्या डिस्क गॅरेजवाले जुन्या पेपरात गुंडाळून पाठवतात आणि निरोप ठरलेला असतो, "अण्णा, हलका हात मारून द्या की, ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायलंय." डिस्कबरोबर पॅड मात्र सहसा कुणी पाठवत नाही. पॅड बघितल्याशिवाय डिस्कचं काम हातात घेणं मला पटत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. घरी चाक खोलणाऱ्याला उपयोग होईल, आणि गॅरेजमध्ये गाडी देणाऱ्याला काय विचारायचं ते कळेल.

आधी थरथर कुठून येते ते ओळखा. ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग हलत असेल तर बहुतेक वेळा दोष पुढच्या डिस्कमध्ये. सीट किंवा गाडीची बॉडी हलत असेल तर मागचं बघा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतो आणि तोही गोल राहिलेला नसतो. ब्रेकवर पाय नसतानाच विशिष्ट वेगाला थरथर येत असेल तर चाकाचं बॅलन्सिंग आणि टायर तपासा. डिस्कला हात लावू नका.

"डिस्क वाकली" असं सगळे म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या डिस्कमध्ये खरोखर वाकलेल्या फार थोड्या असतात. बाकीच्यांची जाडी एका ठिकाणी कमी, एका ठिकाणी जास्त झालेली असते किंवा पॅडचा मसाला (डिस्कवर घासणारा थर) एका जागी चिकटून डाग पडलेला असतो. कणकुंबीच्या पुढे घाट उतरताना काही जण तिसऱ्या-चौथ्या गिअरात ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतात. खाली केरीच्या चेकपोस्टला पोचेपर्यंत डिस्क चांगलीच तापलेली असते, आणि तिथे गाडी थांबवून ब्रेक दाबून धरतात. पॅड गरम डिस्कच्या एकाच जागी दाबून राहतो आणि त्याचा ठसा उमटतो. दुसऱ्या गिअरात उतरा, थांबल्यावर रस्ता सपाट असेल तर हँडब्रेक लावून पाय काढा. आणि घाटातून आल्या आल्या चाकांवर गार पाण्याचा फवारा मारून घेऊ नका.

आता खोलायचं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मागच्या चाकाला दगड लावा, जॅकवर उचला आणि चेसिसखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून काम करू नका. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, खोलला की तो तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा, होसपाइपवर लोंबकळू देऊ नका. डिस्क गंजून हबला धरून बसली असेल तर हातोडा घालण्याआधी तिच्यावरची दोन आट्यांची भोकं शोधा. त्यात बोल्ट सारखे पिळत गेलं की डिस्क सरळ बाहेर येते. कुठली डावी, कुठली उजवी ते खडूने लिहा. पॅडही कुठला आतला, कुठला बाहेरचा ते लिहून ठेवा.

मोजणी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच बहुतेक जण टाळतात. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर 'मिन' या अक्षरांपुढे एक आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो. ती कमीत कमी जाडी. त्याच्याखाली गेलेली डिस्क भंगारात जाते, त्यावर चर्चा नाही. जाडी मोजायला मायक्रोमीटर घ्या. व्हर्नियर इथे फसवतो, कारण झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या काठाला पॅड न लागल्यामुळे उंच कंगोरा राहतो. व्हर्नियरचे जबडे त्या कंगोऱ्यावर बसतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. काठापासून साधारण १० मिलिमीटर आत, गोलाकार फिरत आठ ठिकाणी मोजा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यात ०.०२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तुमची थरथर तिथेच सापडली.

समजा नवी डिस्क २२ मिलिमीटरची आणि कमीत कमी जाडी २०. तुमची भरली २१.५. चरे काढायला दोन्ही बाजूंनी ०.२ काढावं लागणार, म्हणजे २१.१ राहील. खुशाल मारून घ्या. पण मोजणीत २०.७ आली आणि तेवढंच काढायचं असेल, तर उरणार २०.३. कागदावर पास, पण नवे पॅड अर्धे संपायच्या आधीच ही डिस्क हद्दीखाली जाईल. पातळ डिस्क उष्णता कमी झेलते, लवकर तापते, थरथर परत आणते. अशी डिस्क मी परत पाठवतो. छोट्या गाडीची असेल तर त्याच्या आधीही नवीच घ्या म्हणून सांगतो, कारण लेथची मजुरी, खोलण्या-जोडण्याची मजुरी आणि अडकलेला दिवस धरला की फरक फारसा उरत नाही. महाग गाडीच्या जाड डिस्कला मात्र लेथ नक्की परवडतो.

जाडी भरपूर असली तरी दोन डिस्क मी घेत नाही. एक, जिची चीर काठापर्यंत पोचली आहे. दुसरी, निळ्या-काळ्या डागांची. बीड म्हणजे कास्ट आयर्न कापताना चुरा निघतो, भुग्यासारखा, आणि टूलचा आवाज एकसारखा येतो. जास्त तापून कडक झालेला डाग आला की टूल किंचाळतं, वर उचललं जातं आणि तिथे आरशासारखा चकाकणारा ठिपका राहतो. तो ठिपका कापला तरी कडकपणा खोलवर असतो. काही दिवसांत तिथेच उंचवटा तयार होतो.

लेथवाल्याकडे द्यायची असेल तर एवढं बघा. डिस्क हबवर जिथे टेकते ती जागा गंज खरवडून लख्ख केलेली हवी, आणि डिस्क त्याच जागेवर टेकवून, मधल्या भोकाच्या आधाराने मँड्रेलवर (भोकात बसणाऱ्या दांड्यावर) धरलेली हवी. नुसती चकच्या जबड्यात बाहेरून आवळून एक बाजू कापायची, मग उलटी करून दुसरी कापायची, असं केलं की दोन्ही बाजू एकमेकींना समांतर राहतीलच असं नाही. त्यातून थरथर कमी व्हायची ती वाढते. दोन्ही बाजूंनी सारखंच काढायचं, शेवटचा कट अगदी हलका आणि फीड बारीक, आणि नंतर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवी-तिडवी घासणी, म्हणजे टूलच्या गोल रेषा मोडतात. शेवटी साबणाच्या गरम पाण्याने धुवायची. बीडाचा बारीक भुगा छिद्रांत बसतो, तो नुसत्या फडक्याने जात नाही. पुढच्या दोन्ही डिस्क नेहमी जोडीने करा, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतो.

आता पॅड. डिस्क गुळगुळीत आहे, थरथर नाही, जाडी आहे आणि फक्त पॅड संपलेत, तर नुसते पॅड बदला. पुसटशा गोल रेषांसाठी डिस्क लेथवर घालून तिची जाडी वाया घालवू नका.

उलट बाजू अशी की डिस्क लेथवर मारली, तर पॅड नवेच घाला असं माझं म्हणणं आहे. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चरे उलटे उमटलेले असतात. टाकी लावलेल्या पाट्यावर घासून खड्डे पडलेला वरवंटा चालवल्यावर जसं वाटण नीट होत नाही, तसा हा पॅड नव्या सपाट डिस्कला चार ठिकाणीच टेकतो. तो जुळेपर्यंत ब्रेक कमी लागतो, आणि टेकलेल्या तेवढ्याच जागा तापतात. आंबोली किंवा चोर्ला घाट करणाऱ्या गाडीला हे परवडत नाही.

सूट एकच. मसाला निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, आतला आणि बाहेरचा पॅड सारखा झिजलाय, तेलाचा किंवा ब्रेक ऑइलचा डाग नाही, तडा नाही, आणि गाडी टिळकवाडी ते कॅम्प एवढीच फिरते. मग सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून पॅड सपाट घासा आणि ज्या जागचा त्याच जागी बसवा. घासताना तोंडाला मास्क लावा, धूळ ओल्या फडक्याने टिपा. कॉम्प्रेसरची हवा मारून उडवू नका, ती छातीत जाते. मसाला ३ मिलिमीटरवर आला असेल तर हा विचारच सोडा. तेल प्यायलेला पॅड कितीही जाड असला तरी टाकून द्या, चारही एकदम.

एक पॅड जाड आणि त्याच चाकाचा दुसरा पातळ निघाला तर नवे घालून काम संपत नाही. कॅलिपरच्या पिना अडकल्यात किंवा पिस्टन परत जात नाही. खानापूर, जांबोटीकडच्या गाड्यांमध्ये पिनांच्या रबरात पावसाळ्यानंतर तांबडी माती आणि गंज हमखास सापडतो. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिस्टन आत ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडा आणि ऑइल काठोकाठ असेल तर थोडं काढून घ्या. ते रंगावर सांडलं की रंग उठतो.

डिस्क परत बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा. गंजाचा एक पापुद्रा मधे राहिला तरी डिस्क तिरकी बसते आणि सगळी मेहनत वाया जाते. नट चांदणीसारखे समोरासमोर आवळा, शेवटी टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. एअर गनने एकाच बाजूने आवळलेले नट हेही थरथरीचं मोठं कारण आहे.

गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत पंप करा. हे विसरलं तर पहिल्या ब्रेकला पाय फळीला टेकेल. मग पहाटे खानापूर रस्त्याला मागे कुणी नाही बघून, साठच्या वेगावरून दहापर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा. मधे पूर्ण थांबू नका, ब्रेक दाबून धरू नका, आणि नंतर पाच-सात किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी गार होऊ द्या.

शे-दोनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्कला तपासा. काही हजार किलोमीटरमध्ये थरथर परत आली, तर डिस्क सरळ माझ्याकडे आणू नका. हबला डायल गेज लावून रनआउट, म्हणजे फिरताना किती डगडगतं, ते बघायला सांगा. डिस्कच्या तोंडावर ०.०५ मिलिमीटरपेक्षा बरंच जास्त दिसलं तर दोष हबमध्ये किंवा बेअरिंगमध्ये आहे, आणि तो डिस्क लेथवर मारून जात नाही.