पर्शियन मांजर घरी आणताय? मग तिचा शांतपणा आधी समजून घ्या

पर्शियन मांजर म्हणजे सोफ्यावरची उशी, असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि स्वभावाच्या बाबतीत ते फार चुकीचंही नाही. ही मांजरं पडद्यावर चढत नाहीत, फ्रीजवरून उड्या मारत नाहीत, आवाज पण बारीक आणि क्वचितच. आपल्या गल्लीतली मांजर भूक लागली की घर डोक्यावर घेते, ही नुसती येऊन ताटलीपाशी बसते आणि बघत राहते. पण शांत म्हणजे कमी कामाची असं समजून आणली तर दोन महिन्यांत हात टेकाल, कारण अंगावरच्या केसांचं सगळं काम तुमच्यावर आहे आणि दुसरं म्हणजे ही आजारी पडली तरी तशीच गप्प बसते.

आधी घेतानाचं बोलू. आपल्याकडे विकणारे डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस असे भाव लावतात, नाक जेवढं आत तेवढी किंमत जास्त. माझं स्पष्ट मत, डॉल फेसच घ्या, म्हणजे नाक आत न गेलेलं. पंच फेसला नाकपुड्या बारीक, डोळ्यातलं पाणी नीट निचरत नाही, जबडा आखूड म्हणून दात वेडेवाकडे, आणि चैत्र-वैशाखात श्वासाचे हाल. फोटोत गोड दिसतं ते मांजराला रोज भोगावं लागतं. दीड महिन्याचं पिल्लू गळ्यात मारायला बघतात, घेऊ नका, बारा आठवडे आईजवळ राहिलेलं पिल्लू लिटर बॉक्सही (शी-शूचा वाळूचा डबा) शिकलेलं असतं आणि चावरंही कमी निघतं. आणि आईबापाचा पीकेडीचा डीएनए रिपोर्ट मागा. पीकेडी म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होत जाणारा आनुवंशिक आजार, पर्शियनमध्ये बराच आढळतो, दोघांपैकी एकाला असला तरी पिल्लात यायची शक्यता निम्मी. बहुतेक विकणारे रिपोर्ट म्हटल्यावर तोंड वाकडं करतील, करू देत.

आता केस. रोज दहा मिनिटं, रविवारी एकदम तासभर नाही. स्टीलचा कंगवा घ्या, आधी रुंद दातांचा मग बारीक, नुसत्या ब्रशने वरचे केस चमकतात आणि खाली जटा तशाच राहतात. जटा होतात त्या जागा ठरलेल्या आहेत, काखा, कानामागे, पोट, मांड्यांच्या आतली बाजू आणि शेपटीचं बूड. गुंता सापडला की केसांचं मूळ चिमटीत घट्ट धरायचं म्हणजे कातडी ओढली जात नाही, गुंत्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळायचं, बोटांनी तो मोकळा करत आणायचा आणि मग टोकाकडून मुळाकडे थोडं थोडं विंचरायचं. कात्री अजिबात लावू नका, मांजराची कातडी कागदासारखी पातळ असते आणि जटेबरोबर वर ओढली जाते, कुठे केस संपले आणि कुठे कातडी सुरू झाली ते कळत नाही. जट फारच घट्ट असेल तर सरळ डॉक्टरकडे किंवा ग्रूमरकडे जाऊन मशीनने काढून घ्या. आंघोळ घालायची असेल तर विंचरून झाल्यावरच, ओला गुंता आणखी आवळतो, आणि नंतर मुळापर्यंत वाळवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत केस ओलसर राहिले की त्वचेचे त्रास सुरू होतात. गजकर्ण तर पर्शियनला पटकन होतं आणि घरातल्या माणसांनाही लागतं, त्यामुळे गोल टक्कल दिसलं की घरगुती मलम लावत बसू नका.

डोळे रोज पुसायचे, उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून, प्रत्येक डोळ्याला वेगळा. तपकिरी डाग चालतात, पिवळा-हिरवा चिकट स्राव आला तर डॉक्टर.

खाण्यात दूध-पोळी बंद. मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही. नुसतं उकडलेलं चिकन पण पुरत नाही, कॅल्शियम मिळत नाही आणि टॉरिन नावाचं मांजराला लागणारं पोषकद्रव्य उकळलेल्या पाण्यात निघून जातं, म्हणून मांजरांसाठीचं तयार अन्न मुख्य ठेवा आणि चिकन अधूनमधून. कांदा-लसूण घातलेलं काहीही नको. ताटली पसरट घ्या म्हणजे चपट्या तोंडाला खाता येतं, पाणी लिटर बॉक्सपासून लांब. घरात ताप आला की आपण पॅरासिटामॉल घेतो, ती गोळी मांजराला विष आहे, अर्धी सुद्धा. कुत्र्यांचं गोचीड-पिसवांचं औषध मानेवर टाकू नका, त्यात बऱ्याचदा पर्मेथ्रिन असतं, तेही मांजराला विषच. फिनाईलने फरशी पुसली की ती पंजे चाटते, तेव्हा फिनाईलही बंद. आणि बुकेमधली लिली घरात आणूच नका, तिचे परागकण सुद्धा किडनी घालवतात.

उन्हाळ्यात दुपारी एसी किंवा निदान पंखा आणि गार फरशी मिळाली पाहिजे, विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात तर नुसता कूलर पुरेलच असं नाही. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली तर थांबून बघायचं नाही, लगेच दवाखाना.

आता शांतपणाकडे. ती ओरडणार नाही, म्हणून तुम्हीच बघत राहायचं. गाढ झोपेत असताना पोट वरखाली होतं ते मोजा, मिनिटाला तीसच्या आत असायला हवं. लिटरमधले, म्हणजे वाळूतले, लघवीचे गोळे रोज काढताना किती आणि केवढे ते लक्षात ठेवा, एकदम मोठे व्हायला लागले तर किडनी तपासा. बोका वाळूत सारखा बसून उठतोय आणि लघवी होत नाहीये, ही तातडीची गोष्ट आहे, सकाळपर्यंत थांबू नका. आणि दिवसभर खाल्लं नाही तर "मूड नसेल" म्हणून सोडू नका, जाड मांजराने दोन-तीन दिवस उपास केला की लिव्हरवर चरबी चढते.

ट्रायकॅटची लस (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) साधारण आठ-नऊ आठवड्यांपासून सुरू होते, तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, रेबीज बारा आठवड्यांनंतर. तुम्ही पुण्यात असाल तर महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांनाही परवाना लावलाय, तेव्हा लसीचं कार्ड जपून ठेवा. कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, माळ्यावर टाकू नका, घरातच उघडं, आत जुनी चादर घालून ठेवा, म्हणजे ती त्यात आपणहून झोपते आणि दवाखान्याच्या दिवशी पलंगाखाली शोधत बसावं लागत नाही.